कांदिवलीच्या काकांनी वापरून पाहिलेला चमचा

मंडळी, आज मन जरा जड आहे, म्हणून इथे लिहितेय.

मी अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत डिझायनर आहे. हात थरथरणाऱ्या लोकांसाठी आम्ही जाड मुठीचा आणि हात स्थिर राहावा म्हणून वजनदार असा चमचा बनवतोय. कारखान्यासाठी साचा बनवण्याआधी प्रोटोटाइप, म्हणजे पहिला नमुना, कोणीतरी वापरून बघायला हवा, म्हणून आज दुपारी कांदिवलीला एका काकांकडे गेले. त्यांना कंपवात आहे. रोज काकीच भरवतात.

काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. काकींनी मुद्दाम वालाचं बिरडं केलं होतं. म्हणाल्या, "आज हे स्वतःच्या हाताने जेवणार ना!"

पहिलाच घास शर्टावर सांडला, पुढचा मांडीवर. वजनामुळे हात आणखीनच कापत होता. मी म्हटलं, "काका, राहू द्या." पण ते थांबेनात.

शेवटी चमचा ताटात ठेवून म्हणाले, "सॉरी हां पोरी. माका नाय जमला. तुझी मेहनत फुकट गेली."

"काका, चमचा फेल झाला, तुम्ही नाही."

त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. काकी भात कालवून त्यांना भरवायला लागल्या.

ऑफिसात परतल्यावर आमचे सर म्हणाले, "बरं झालं, आत्ताच कळलं." खरंय, प्रोटोटाइप त्यासाठीच असतो. पण आम्हाला कळावं म्हणून काकांची आशा खर्ची पडली.

असं काम करणाऱ्यांनो, टेस्टिंगच्या आधी तुम्ही समोरच्या माणसाला काय सांगता? मला खरंच शिकायचंय.