राहात्याचा बाजार मी फार चांगला केला

शिर्डीला निघालेले वाचक मला हटकून विचारतात, वाटेत राहात्याला थांबावं का? थांबा. बाजाराचा दिवस असेल तर भाजी घ्या, पेरू घ्या. मी मात्र तिथे बहात्तरच्या दुष्काळात गेले ती गेले, पुन्हा पाय ठेवला नाही. त्या एकाच फेरीबद्दल हे लिहिते आहे.

आमचं गाव नगर जिल्ह्यातल्या कर्जतपासून आठ मैलांवर. गावातली शाळा सातवीपर्यंत. मी चौदा वर्षांची, धाकटा दत्तू तेराचा. आईने त्याचं बोट माझ्या हातात देऊन दोघांना एकाच वर्षी शाळेत घातलं होतं, त्यामुळे सातवी पासही एकदमच झालो. पुढच्या शिक्षणाला कर्जत गाठायला हवं होतं, आणि त्या वर्षी आमचं सगळं घर खडी फोडायच्या दुष्काळी कामावर. जूनपासून दोघांचीही शाळा बंद होती. दिवाळीनंतर राहात्याहून आत्याचं कार्ड आलं. तिथले मुख्याध्यापक दुष्काळी भागातलं पोर म्हणून मधूनच आठवीत घ्यायला तयार होते, पण आत्याला एकच पोर सांभाळणं शक्य होतं. दोघांना घेऊन या, कोणाला ठेवायचं ते इथे ठरवू, असं तिने कळवलं होतं. त्या रात्री मी देवाकडे जे मागितलं त्यात दत्तूचा विचार अजिबात नव्हता.

पहाटे चालत कर्जत, तिथून मिरजगाववरून नगर, नगरच्या स्टँडवर गाडी बदलून राहुरी, कोल्हार आणि मग राहाता. आज स्वतःच्या गाडीने चार तास लागतील, आमचा अख्खा दिवस गेला. आईने दत्तूचं अर्धं तिकीट मागून पाहिलं. कंडक्टरने त्याच्या ओठांवरच्या लवेकडे बघून पूर्ण फाडलं. बरोबर रेशनच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरी होत्या, दुपारपर्यंत त्या पाण्यात बुडवल्याशिवाय चावेनात.

राहुरीच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. दत्तू खिडकीला नाक लावून बसला होता.

"आक्का, हितं पाऊस पडला का गं?"

"न्हाई रे. कॅनॉल हाय."

"मग आपल्याकडं का न्हाई?"

भूगोलाच्या पुस्तकात त्यांचा आणि आमचा जिल्हा एकच होता, आणि पुस्तक तर मी पाठ केलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. आत्याने आमच्या हातात एकेक पिशवी आणि थोडी मोड दिली. "मेथी, वांगी, मिरच्या, गवार. दोघं बी येगयेगळं जा आन् बाजार करून या. मग बघते." जो चांगला बाजार करील तो राहणार, असं मी लगेच धरून चालले. तसं आत्या म्हणाली नव्हती. पण शाळेत आयुष्यभर परीक्षाच दिल्या होत्या, दुसरं सुचणार काय?

बाजारात शिरले आणि मला रडू आलं. आमच्याकडे तेव्हा बाजार म्हणजे सुरकुतलेले कांदे आणि सुकी मिरची. इथे मेथीचे ढीग, वर पाणी मारलेलं, मुळ्याची पात मातीत लोळतेय, गाईगुरं कोबीचा पाला तुडवताहेत. राग आला. कोणाचा ते कळेना.

पण दहाव्या वर्षापासून घरचा बाजार मीच करत होते, तेव्हा डोळे पुसून कामाला लागले. वाचकहो, हे आजही लागू आहे. आधी काही न घेता एक फेरी मारा. पाणी मारलेल्या जुडीला भुलू नका, सोडून आतली पानं बघा, शिळी मेथी मधोमध दडवलेली असते. वांगं हातात हलकं लागलं पाहिजे, जड वांग्यात बिया. गवार मोडून बघा, कट्‌ आवाज आला तरच घ्या. आणि तराजू रिकामा असताना एकदा नीट निरखा. एका भाजीवालीच्या पारड्याकडे मी नुसतं बघत राहिले, तशी ती म्हणाली, "लई चाबरी हायेस गं! घे, मूठभर जास्त घे." मिरच्यांवर कोथिंबीर फुकट मिळवली. वेशीपर्यंत पोचले तेव्हा मी मनात आठवीच्या वर्गात बसले होते.

दत्तू माझ्यानंतर तासाभराने आला. पहिल्याच दुकानातून किडकी वांगी, पिवळी मेथी. मिरच्या विसरला होता. उरलेल्या पैशांचे पेरू घेऊन वाटेत खाल्ले होते, आणि ते त्याने हसत सांगितलं.

आत्याने दोन्ही पिशव्या ओट्यावर ओतल्या. "वयनी, बघा तरी पोरीचा बाजार! मला बी असा जमत न्हाई."

"लई हुशार हाय, वन्सं," आई म्हणाली.

"मग दत्तूलाच ठिवा हितं," आत्या म्हणाली. "हिला कुटं बी टाका, सवताचं पोट भरल. ह्याला साधं वांगं कळंना. ह्यानं शाळा न्हाई शिकायची तर काय करायचं?"

आईने दत्तूची पिवळी मेथी निवडायला घेतली. "व्हय, ते बी खरंच. आन् ही हितं ऱ्हायली तर घरचा बाजार कोन करनार?"

"आत्या, मला बी शिकायचंय," मी कशीबशी म्हणाले.

"शिकलीस की गं," आत्या मायेनेच म्हणाली. "आता काय शिकायचं ऱ्हायलं?"

परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर आत्याने भरून दिलेली माझीच भाजी होती. मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनाशी म्हणत होते, किडकी वांगी उचलायला मला काय झालं होतं? घरी त्या मेथीची भाजी झाली, सगळ्यांनी वाखाणली.

महिन्याभराने दत्तूचं पत्र आलं. बाईंनी 'आमच्या गावचा बाजार' हा निबंध दिलाय, मला काहीच सुचत नाही, आक्का, तू लिहून धाड. एवढं सोडून बाकीचं पत्र मी घरात वाचून दाखवलं. खडीवरून आल्यावर, उजेड होता तोवर, तीन दिवस मी लिहीत होते. चार पानं झाली. माझं शाळेसाठीचं ते शेवटचं लिहिणं.

पुढचं पत्रही घरात मीच मोठ्याने वाचलं, दुसरं वाचणारं होतं कोण? बाईंनी निबंध सगळ्या वर्गाला वाचून दाखवला, असं दत्तूने लिहिलं होतं. आईने डोळ्यांना पदर लावला.

"बघ सुमे," ती म्हणाली, "शाळंत घातलं म्हनून पोराला बाजार कळाय लागला."

मी पुढची ओळ वाचली.