कोऱ्या पाकिटातली तबकडी

वीबेकाकाला खुर्चीत सलग दहा मिनिटं बसलेलं मी कधी पाहिलेलं नाही. बूड टेकलं की उठलाच. खिडकीपाशी जाईल, कॉफीचं भांडं हलवून बघेल, दार उघडून बाहेर डोकावेल आणि कुणी विचारलेलं नसताना सांगेल, "वारा नैर्ऋत्येचा आहे." आमच्या हार्लिंगनमध्ये, हॉलंडच्या या समुद्रकाठच्या गावात, वारा बारा महिन्यांतले दहा महिने नैर्ऋत्येचाच असतो. पण काकाला कोण सांगणार!

अडतीस वर्षं तो कालव्यावरच्या पुलाचा राखणदार होता. बोट आली की रस्त्यावरचं फाटक पाडायचं, पूल उचलायचा, गळाच्या काठीला टांगलेला लाकडी बूट बोटवाल्यापुढे धरून टोल घ्यायचा आणि पूल परत खाली. बाकीचा दिवस नुसती वाट बघायची. पायाला भिंगरी असलेल्या माणसाला अशी नोकरी लागावी, ही देवाची थट्टाच. हिस्केकाकू म्हणते, "तिथे बसून बसून जे साठलं, ते आता माझ्या डोक्यावर काढतोय."

आमच्या घरात वाढदिवसाला भेटवस्तू देत नाहीत. खुर्च्या गोलात मांडतात, येणारा प्रत्येक जण प्रत्येकाचं अभिनंदन करतो, मग कॉफी आणि तिच्याबरोबर एक बिस्किट. एकच. डब्याचं झाकण लगेच बंद होतं. त्यानंतर खरा कार्यक्रम. प्रत्येकाने आपल्या आवडीचा एक आल्बम आणायचा, पण कोऱ्या कागदी पाकिटात, मधल्या लेबलवर चिकटपट्टी लावून. नाव बघून कुणी मार्क देऊ नयेत, म्हणून आजोबांनी घालून दिलेला हा नियम. एक बाजू पूर्ण वाजवायची. वाजत असताना तोंडातून शब्द काढायचा नाही. मग चिठ्ठीवर दहापैकी मार्क, चिठ्ठ्यांचं वाचन, आणि शेवटी ज्याचा आल्बम त्याने हात वर करायचा. इथून भांडणं सुरू. आल्त्याआत्याला एकदा तीन मार्क मिळाले, तर ती चार महिने आमच्या दुकानात चीज घ्यायला आली नाही. सुपरमार्केटचं खाल्लं!

जास्तीत जास्त आठ. दहा देवाला, नऊ मास्तरांना, आपल्या वाट्याला आठ, असं इथे म्हणतातच. माझे बाबा, डौवे, चीजवाले, हे तर कौतुकाच्या बाबतीत भलतेच हात राखून. मला शाळेत नऊ मिळाले तेव्हा ते म्हणाले होते, "मास्तर म्हातारे झाले वाटतं." मी हसले होते, पण ते लागलं होतं, आणि अजून लागतं.

यंदा मार्चमध्ये बाबांना शहात्तर पूर्ण झाली. मी कोट टांगत होते तेवढ्यात वीबेकाकाने मला बोळकंडीत गाठलं. हातात कोरं पाकीट. पाकिटाचा कोपरा सारखा दुमडत होता, सरळ करत होता.

"नीनके, कुणाला सांगू नकोस. ही तबकडी माझी आहे."

"तुझीच असणार की. प्रत्येक जण आपापली आणतो."

"तसं नाही गं. मी केलेली आहे."

मला क्षणभर कळेचना. काका तरुणपणी कुठल्याशा बँडमध्ये गिटार वाजवायचा, एवढंच कानावर होतं. घरात कुणी तो विषय काढत नसे. त्याने भराभरा सांगितलं, अर्धं लक्ष दाराकडे ठेवून. पंच्याहत्तर साल. चौघांचा बँड. गाणारा बेकरीवाल्याचा मुलगा, तो आता हयात नाही. गाणी सगळी फ्रिशियनमध्ये, आमच्या इकडच्या भाषेत, लिहिलेली काकाने. तीनशे प्रती काढल्या होत्या. अ‍ॅमस्टरडॅमचा एक माणूस म्हणाला होता, इकडे या, दुसरी करू.

"पहिली प्रत मी तुझ्या बाबाला दिली. दुकानात, गल्ल्याशेजारी ठेवली. म्हटलं, ऐक आणि सांग."

"मग?"

"मग काय! आज एकोणपन्नास वर्षं झाली, अजून सांगतोय." तो हसला, पण हसू काही जमलं नाही. "त्याने ऐकलीच नसणार. कुठल्यातरी चीजखाली गेली असेल. आता बघू, नाव नाही, गाव नाही. आज त्याला मार्क द्यावेच लागतील."

"आणि चार दिले तर?"

"तर चार. पण त्याच्या तोंडून."

बाबांना मी ओळखते. चार म्हणजे त्या दिवशी त्यांचा मूड बरा आहे असं समजायचं.

पहिला आल्बम आल्त्याआत्याचा, कुठलातरी अकॉर्डियनचा. सहा, सहा, पाच, साडेसहा. ती म्हणाली, "कान साफ करून येत चला," आणि मामला तेवढ्यावर मिटला. दुसरा माझा. बाबांनी साडेपाच दिले, पण मला रागवायलाही सवड नव्हती, कारण काका आतापर्यंत तीनदा उठून खिडकीशी जाऊन आला होता.

"वीबे, तुझ्या खुर्चीला खिळे आहेत का?" आत्या.

"पाठ आखडते."

"चालून चालून आखडत असेल."

मग काकाने स्वतःच तबकडी लावली. सुई एकदा घसरली. खरखर झाली, आणि मग गिटार. साधीच चाल, पण नेटकी. पोराचा उंच, थोडा फाटका आवाज. समुद्राच्या बांधावरच्या मेंढ्या, ओहोटीचा चिखल, भाऊ पहाटे दुकानाचं दार उघडतो त्याचा आवाज. मला चांगलं वाटलं. म्हणजे खरंच चांगलं वाटलं, काका म्हणून नव्हे. पण मी गाणं ऐकत होते कुठे? मी बाबांकडे बघत होते. ते हात पोटावर ठेवून, डोळे मिटून बसलेले. चेहरा दगडी.

पहिलं गाणं संपलं, दुसरं. आत्या चिठ्ठीवर काहीतरी लिहून खोडत होती. काकू मांडीवरच्या रुमालाचे धागे काढत होती, तिला माहीत असणारच. तिसरं. काका उभाच होता, कपाटाला टेकून, आणि बाबांच्या पापण्यांकडे टक लावून. चौथ्या गाण्याच्या मध्यावर बाबांची मान किंचित कलली. झोपले! मला उठून त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. एका माणसाचा जीव टांगणीला लागलाय आणि हे घोरायच्या बेतात!

काकालाही तेच वाटलं असणार. चौथं गाणं संपलं न संपलं तोच तो दोन ढांगांत पुढे गेला आणि त्याने सुई उचलली. असं आमच्याकडे कधी कुणी केलेलं नाही.

"बास झालं," तो म्हणाला. "रटाळ आहे. दुसरी लावा."

"अरे, नियम..." आत्या म्हणायला लागली.

"ठेव ती सुई परत," बाबा म्हणाले. डोळे मिटलेलेच. "अजून पाचवं राहिलंय. माउथ ऑर्गनने सुरू होतं ते. सगळ्यांत चांगलं तेच आहे."

काकाचा हात सुईवर तसाच.

"तू ऐकली आहेस," काका म्हणाला.

"ऐकली आहे."

"कधी?"

"तू ठेवलीस त्याच दिवशी. दुकान बंद करून. मग पुन्हा ऐकली. बरेचदा."

"एकोणपन्नास वर्षं, डौवे!" काकाचा आवाज चढला. इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "एकोणपन्नास वर्षं मी समजतोय की ती इतकी वाईट होती की तुला बोलवेना! एक शब्द, डौवे! मी गिटार विकली. त्या माणसाला नाही म्हणून कळवलं. का बोलला नाहीस?"

बाबांनी डोळे उघडले. भावाकडे न बघता ते टेबलावरच्या कपाकडे बघत राहिले. मला वाटलं, नेहमीसारखे मूग गिळून बसणार.

"त्या हिवाळ्यात आपल्या बाबांचं अर्धं अंग गेलं होतं," ते म्हणाले. "आई रडत होती. आल्त्या लहान होती. मला भीती वाटायची, वीबे. तू रोज संध्याकाळी यायचास, बाबांना उचलून बसवायचास, त्यांना हसवायचास. मला ते जमत नव्हतं, कधीच नाही. मी चांगली आहे म्हटलं असतं, तर तू गेला असतास."

बाबांच्या तोंडून इतकी वाक्यं एका दमात आलेली मी ऐकली नव्हती. भीती हा शब्द तर कधीच नाही. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं.

आत्या रडत होती.

काकाने सुई हळूच बाजूच्या टेकूवर ठेवली. तबकडी आवाज न करता फिरत राहिली.

"हो," तो म्हणाला. "गेलो असतो." मग भावासमोर उभा राहून, अगदी हळू आवाजात, "पण परत आलो असतो रे. एवढंही तुला माहीत नव्हतं?"

बाबांनी मान हलवली. नव्हतं.