पत्रिकेवर छापलेला पासवर्ड

आमच्या आर्णीच्या खेमसिंग राठोडला तांड्यावर सगळे ‘पासवर्ड’ म्हणत. मोबाईलवर उघडणारी कुलपं, कॅमेरे, दिवे बसवण्यात गड्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण बसवून झालं की तो अर्धा तास प्रवचन द्यायचा. घरचा वाय-फाय वेगळा ठेवा, पाहुण्यांचा वेगळा, आणि कुलपाचा पासवर्ड तिसराच. हा एक दिवस चहाच्या डब्यालाही पासवर्ड लावेल, अशी त्याच्या बायकोला, बबिताला, भीती वाटे.

कापूसवाल्या भगवानरावांनी घराला कुलूप बसवून घेताना हे प्रवचन मान डोलावून ऐकलं आणि त्याची पाठ फिरताच सगळ्याला एकच पासवर्ड ठेवला. मुलीचं, प्रेरणाचं, नाव आणि पुढे एक-दोन-तीन. लक्षात ठेवायला सोपं.

मग त्याच प्रेरणाचं लग्न निघालं. मुक्कामी पाहुण्यांना मागायची वेळ येऊ नये, म्हणून वाय-फायचा पासवर्ड पत्रिकेतच छापला. ‘कृपया आहेर आणू नये’च्या बरोबर खाली. आठशे घरी पत्रिका गेल्या. खेमसिंगकडे तेवढी गेली नाही.

सगळे कार्यालयात अक्षता टाकत होते तेव्हा कोणीतरी घराचं कुलूप आरामात मोबाईलवरून उघडलं आणि प्रेरणाचे दागिने नेले. पासवर्ड कोणाला माहीत होता, असं पोलिसांनी विचारलं. भगवानरावांनी एकच नाव सांगितलं. आठशे घरं त्यांना आठवलीच नाहीत. ते तर पाहुणे.

दोन दिवस ठाण्यात बसवून, काही सापडलं नाही म्हणून खेमसिंगला सोडलं. तिसऱ्या दिवशी भगवानरावांच्या घरासमोरच्या टपरीवर त्याने आलुबोंडा घेतला, तर खाली कागद म्हणून तीच पत्रिका. त्याने ती वाचली, आलुबोंडा तिथेच ठेवला आणि तेलकट पत्रिका घेऊन तडक समोरच्या घरात गेला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या प्रवचनाला छापील पुरावा मिळाला होता.

भगवानरावांनी चष्मा लावून पत्रिका वाचली. उलटून पाहिली.

“पत्रिका तर तुले देल्लीच नव्हती,” ते शांतपणे म्हणाले. “मंग तुयापाशी आली कोठून?”

खेमसिंग टपरीकडे बोट दाखवत राहिला. ते कोणी पाहिलं नाही.

आता तो कूलर दुरुस्त करतो. लोक कूलर बाहेर आणून देतात. त्याला घरात बोलावत नाहीत. टपरीवरची गिऱ्हाईकं भगवानरावांच्या वाय-फायवर अजून फुकट क्रिकेट पाहतात, कारण पासवर्ड तोच आहे. खेमसिंग तिथून जाताना मोबाईल बंद करून खिशात ठेवतो.