आणखीन घासा

"आणखीन घासा."

खिडकीशी जायचं, तुकडा तिरपा धरायचा, एक डोळा मिटायचा आणि एवढंच बोलायचं. बायकोनं त्या दिवशीही तेच केलं. मी म्हटलं, "अवं, चकचक करून राहिला ना." तिनं तुकडा परत माझ्या हातावर ठेवला आणि जेवणाचा डबा उघडला. एकच वांगं उरलं होतं, ते माझ्याकडे सरकवलं. शेवटचं म्हणून वेगळं काही नव्हतं.

तेलीबांध्याच्या एका प्रयोगशाळेत आम्ही दोघं दगड घासत होतो. मी आधीचा फरशी घासणारा, म्हणून चाक माझं. शेवटचा हात तिचा. दगड शेल नावाचा, पापुद्र्यांचा, काळसर. फार जुन्या काळी मेलेल्या जिवांचा कार्बन त्यात दडलेला असतो. मॅडम घासलेल्या तुकड्याचा फोटो खूप मोठा करायच्या, आणि त्यातलं काळं किती ते कॉम्प्युटर मोजायचा.

पहिला तुकडा बायकोनं पास केला आणि तो खोटा निघाला. घासायची काळी पूड दगडाच्या बारीक भोकांत बसली होती, कॉम्प्युटरनं तिलाही कार्बन धरलं. मॅडम रागावल्या नाहीत. बायकोला मात्र दोन दिवस जेवण गेलं नाही. म्हणाली, "मेलेल्या जिवाच्या माथी आपली घाण मारली आपण."

त्यानंतर तुम्ही तिला पाहायला पाहिजे होतं. घरीही हात थांबेना. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बाया हसायच्या, दीदीला कढई उसनी देऊ नका, परत आली की ओळखू येत नाही. ती ऐकायची आणि घासत राहायची.

ते वांगं सरकवलं, त्याच दिवशी संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपली. दुसऱ्या दिवशी जाळून आलो.

पुढच्या सकाळी मी चप्पल घातली. सून म्हणाली, "बाबूजी, आज तो मत जाइए. लोग क्या कहेंगे?" म्हटलं, तिचा तुकडा बाकी आहे.

चाकावर घासला. तेलानं पुसला. मॅडम जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काका, द्या आता. चालेल."

मी खिडकीशी गेलो. तिरपा धरला, एक डोळा मिटला. दुसऱ्यात पाणी आलं, काही दिसेना. बाहीनं पुसून पुन्हा पाहिलं. कोपऱ्यात पूड होती.

"नाही चालत," म्हटलं, आणि चाक सुरू केलं.