हात बदलला की

शेलूबाजारच्या त्या वस्तीत लग्न असो, बारसं असो की बुद्धपौर्णिमेचं जेवण, सोजरबाईची जागा ठरलेली असे. घराच्या मागच्या अंगाला, बांबूच्या तट्ट्याच्या आडोशाला जमिनीत एक खड्डा खणत. त्यात गोवऱ्यांचा विस्तव, विस्तवावर राखेचं पांघरूण आणि त्यावर गुळवणीचा गंज, मोठं उभं पातेलं. पुरणाच्या पोळ्या घरोघरी लाटल्या जात, गुळवणी मात्र सगळ्या वस्तीची एकच. तिच्यात दूध असे. ती निवली तर वर साय धरून पोळीवर चिकट बसायची, आणि उकळली तर गुळापायी दूध फाटायचं. म्हणून पहिली पंगत बसण्याआधीपासून शेवटची उठेपर्यंत तिला नुसती ऊब द्यायची. हातात पळी घेऊन, बोटांची मागची बाजू गंजाला लावत, राख जरा इकडे, जरा तिकडे.

हे काम सोजरबाई लग्न होऊन आली तेव्हापासून करत होती. त्या कामापायी तिने वस्तीतलं एकही लग्न पाहिलं नव्हतं. तट्ट्यापलीकडून आवाज यायचे, टाळ्या यायच्या, हसणं यायचं. नवरी कशी दिसत होती ते ती दुसऱ्या दिवशी ओढ्यावर धुणं धुताना ऐकायची.

आणि या सगळ्याचं मूळ एका वाक्यात होतं. ते वाक्य तिचंच होतं.

नवी नवरी असताना, पौषातल्या एका बारशाला, सासूने तिला पहिल्यांदा गंजापाशी बसवलं. माहेर सोडल्यापासून तिला कुणी एका जागी बसू दिलं नव्हतं. तिथे ऊब होती, टोमणे नव्हते. घटकाभराने थोरली जाऊ भागिरथा आली आणि म्हणाली, "सोजर, ऊठ. पत्रावळी उचल जाय. अथी मी बसतो."

सोजरच्या तोंडून निघून गेलं, "हात बदलला की फाटते, जाऊबाई. आमच्या माहेरी असं म्हन्तात."

माहेरी असं कुणी म्हणत नव्हतं. माहेरच्या गुळवणीत दूध घालण्याची ऐपतच नव्हती. पण भागिरथा दोन पावलं मागे सरकली, आणि त्या दिवशी उष्ट्या पत्रावळी तिनेच उचलल्या. सोजर राखेकडे बघत मनातल्या मनात हसली होती.

नंतर वस्तीने धम्म घेतला. देव्हाऱ्यातले टाक नदीत गेले, अंगात येणं बंद झालं, कोंबडं-बकरं बंद झालं. तेहेतीस कोटी सुटले, पण सोजरबाईचं वाक्य काही सुटलं नाही. उलट सासवा ते सुनांना सांगू लागल्या.

विशाखा, तिची एकुलती लेक, त्या नव्या दिवसांत जन्मली. नवं नाव मिळालेल्या पहिल्या लेकरांतली ती. लहानपणापासून ती गंजापाशी आईच्या मांडीला टेकून बसायची आणि आईसारखीच बोटं उलटी करून ऊब बघायची. आता तिचं लग्न मंगरूळपीरला ठरलं होतं.

लग्न लावणार होते देवमनदादा. वस्तीतले जाणते, सगळे विधी तेच करत. सुपारी फुटली त्या दिवशी त्यांनी ओसरीवर सांगितलं, "आपल्यात आता कन्यादान नाई. पोरगी काही दान द्याची वस्तू नोहे. दोन्हीकडचे मायबाप समोर उभे राह्यले पाह्यजेत."

आत पुरण वाटणाऱ्या सोजरबाईचा हात पाट्यावर थांबला. समोर उभे राह्यले पाह्यजेत. तिला ते वाक्य पदरात बांधून ठेवावंसं वाटलं.

भागिरथा दारातूनच म्हणाली, "ते बराबर हाये, दादा. पण मंग गुळवणीपाशी कोन?"

देवमनदादांनी चष्मा पुसला. सोजरबाईचा नवरा जानराव छपराकडे बघू लागला.

"म्हंजे तो प्रश्न हायेच," देवमनदादा म्हणाले. "वऱ्हाडासमोर फाटली तं वस्तीची शोभा नाई राह्यत. मायच्या जागी चुलती उभी राह्यली तं चालते. भागिरथाबाई राह्यतीन."

तेव्हा सोजरबाई हात पुसत बाहेर आली. "दादा, तुमीच सांगता नं का आंधळेपनानं काही मानू नये. हात बदलून काही होत नाई."

"हे आंधळेपन नोहे, बाई. हे आचेचं शास्त्र हाये," देवमनदादांनी समजावलं.

"शास्त्र नाई न् काही नाई. मीच खोटं बोलली होती. पत्रावळी उचलाच्या नव्हत्या म्हनून."

मग भागिरथाच आधी हसली, तिच्यामागे सगळी ओसरी. "पाह्य कशी बोलते. लेकीच्या लग्नात मिरवाचं हाये म्हनून सोताचाच हात खोटा करून राह्यली."

"इतके वर्स एकडाव तरी फाटली का?" जानरावने विचारलं. तो कौतुकानेच विचारत होता. फाटली नव्हती. फाटली नव्हती, कारण ती कधी उठलीच नव्हती.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड ट्रकमधून उतरलं तेव्हा सोजरबाई नवं पांढरं लुगडं नेसून खड्ड्यापाशी बसलेली होती. मांडवात जाण्याआधी विशाखा मागच्या अंगाला आली. तीही पांढऱ्या पातळात.

"माय, तू येशीन नं?"

"तुही मोठीमाय हाये तथी, माह्या जागी."

"मी मोठीमायबद्दल नाई इचारून राह्यली."

सोजरबाईने राख सारखी केली. "येतो," ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की हेही खोटंच असणार.

तट्ट्यापलीकडे त्रिशरण सुरू झालं. माणसांचा एकत्र आवाज भिंतीसारखा उभा राहिला, आणि ती नेहमीसारखी भिंतीच्या अलीकडे. गंजाला बोटं लावली. ऊब बरोबर होती. राखेखाली विस्तव निवांत होता, घटकाभर त्याला कुणाचीच गरज नव्हती. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तेवढ्यात भागिरथा लगबगीने आली. "बराबर हाये नं? आता हार घालतीन, मंग पंगतच. मी पाह्याले आली."

सोजरबाईने पळी तिच्या हातात ठेवली.

"हे काय?"

"नुसतं बसा, जाऊबाई. काहीच करू नका."

"सोजर, अवं फाटीन ते. सोजर."

पण ती तट्ट्याला वळसा घालून गेली होती. मांडवात जानरावच्या शेजारची जागा रिकामी होती. ती तिथे जाऊन उभी राहिली. हाताला राख, लुगड्याला काजळी. देवमनदादांचा आवाज एका शब्दावर अडखळला, आणि पुढे गेला. विशाखाने मान वर केली नाही, पण तिचे खांदे खाली आले, डोक्यावरची घागर उतरवल्यावर येतात तसे. हार घातले गेले. फुलांच्या पाकळ्या उडाल्या. एक पाकळी सोजरबाईच्या मनगटावरच्या राखेला चिकटली, ती तिने झटकली नाही.

परत आली तेव्हा खड्ड्यातून धूर येत होता. निवेल या भीतीने भागिरथाने राख बाजूला सारून दोन गोवऱ्या आत सरकवल्या होत्या. गंजात दाणे दाणे तरंगत होते आणि खाली पिवळट पाणी सुटलं होतं.

"हात बदलला," भागिरथा रडत म्हणाली. "तूनं सांगतलं होतं. मी म्हनलं होतं."

बाया जमल्या. कुणी सोजरबाईला बोल लावला नाही. तो लावला असता तर बरं झालं असतं. सगळ्या नुसत्या मान हलवत होत्या, एखादी गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यावर हलवतात तशी. पहिली पंगत तुपावर निभावली.

विहीण लिलाबाई हात धुऊन मागे आली. बाई रागावलेली नव्हती. तिने गंजात डोकावून बघितलं. "म्हंजे ऐकलं ते खरं हाये, ईनबाई. हात असते एकेकाचा. आमच्या आळीतबी दर पुनवेले जेवन असते. पोरीत उतरला असन नं तुमचा हात? तिलेच बसवत जाऊ."

विशाखा तिच्या मागे उभी होती. ती काही बोलायला गेली. तिला सगळं येत होतं, राख, ऊब, उलटी बोटं, सगळं.

"नाई वो," सोजरबाई म्हणाली. "तिच्या हातानं तं फाटतेच. लहानपनी पाह्यलं मी करून. तिले गंजापासून दूरच ठेवा."

"असं का?"

"आता पाह्यलं नं तुमी काय होते ते."

लिलाबाईने गंजाकडे बघितलं, मग सुनेकडे. "मंग राहू द्या. वाढाले घेऊ तिले. समोर राह्यीन."

विशाखा आईकडे बघत राहिली. सोजरबाईने तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघींपैकी एक हसली असती.

दुसऱ्या पंगतीसाठी कुणीतरी नवा गूळ फोडून आणला, कुणी दुधाची चरवी. भागिरथाने डोळे पुसून पळी सोजरबाईपुढे धरली, दोन्ही हातांनी. आता कुणी काही सांगायची गरज नव्हती, तिलाही काही सांगता येणार नव्हतं. सोजरबाईने पदर खोचला, जळत्या गोवऱ्या बाहेर ओढल्या, उरलेल्या विस्तवावर राख पसरली आणि खाली बसली.

तट्ट्यापलीकडे विशाखा कुणाला तरी पोळीचा आग्रह करत होती. आवाज स्पष्ट येत होता.