उघाडीवर अडणारी जीप

"गाडीत दोष नसंल तर माणसात हाय. उद्यापासून महादेव नको मला," म्हात्रेशेठ फोनवर म्हणाले. मी रोह्याजवळच्या वरसे गावातल्या माझ्या गॅरेजमध्ये ग्रीसने माखलेल्या हातांनी उभा होतो.

महादेव हा शेठचा ड्रायव्हर. पेणच्या खाडीकडे शेठचे कोळंबीचे तलाव आहेत. तिथे कामाला जाणाऱ्या बायकांना तो फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या जीपमधून रोज ने-आण करायचा. महिनाभर ती जीप बांधावर एका ठरावीक जागी अडत होती. खालून कोणीतरी कण्हल्यासारखा आवाज यायचा, आणि महादेव खिडकीतून बाहेर बघत कोणाशी तरी बोलायचा. बायकांनी गाडीत बसायचं सोडलं, त्या चालत जायला लागल्या.

मला घोर लागला तो वेगळ्या कारणाने. त्या जीपचे एक्सल महिन्यापूर्वी मीच बदलले होते.

शेठनी चिखलासाठी मोठे टायर टाकले होते. चाक मोठं झालं की इंजिनला ते फिरवणं जड जातं, गाडी मरतुकडी होते. मग एक्सलमधले गिअर बदलतात. आत एक छोटं दातेरी चाक असतं, पिनियन, आणि ते एक मोठं चाक फिरवतं, क्राऊन. पिनियन किती वेळा फिरलं की क्राऊनची एक फेरी होते, तो रेशो. आकडा वाढवला की गाडीला जोर येतो. फोर-बाय-फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलचा रेशो एकच लागतो. यात तडजोड नाही.

रोह्याहून नागोठणेमार्गे पेणला पोहोचेपर्यंत मी स्वतःला सांगत होतो, काम चोख झालंय, उगाच घाबरू नकोस.

दुपारचे बारा वाजले असतील. ओहोटी लागलेली. चिखल उघडा पडला होता आणि वारा बिलकुल नव्हता. खाडीचं पाणी अडवायला बांधात लाकडी दारं बसवलेली असतात, त्या जागेला उघाडी म्हणतात. तिच्या आसपास बांध दगडांनी पक्का केलेला असतो. बाकी सगळा बांध चिखलाचा. मी महादेवच्या शेजारी बसलो. गाडी फोर-बाय-फोरमध्ये होती, चिखलातून छान चालली होती.

उघाडीच्या दगडांवर चाकं चढली आणि जरा पुढे जाताच गाडी जड झाली. ॲक्सिलरेटर दाबलेला, इंजिन ओरडतंय, आणि गाडी मागून कोणी दोन्ही हातांनी धरल्यासारखी. मग तो आवाज आला. लांब, खोल, माणसाचा वाटावा असा. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तेवढ्यात गाडीने हिसका दिला आणि पुढचं चाक पाण्याकडे वीतभर सरकलं.

"महादेव! ब्रेक!"

त्याने शांतपणे गाडी थांबवली. काच खाली केली.

"रघू, सोड रं. पावनं हायत गाडीत."

मग रिव्हर्स टाकून हातभर मागे घेतली. खालून खाड्‌कन आवाज झाला आणि गाडी एकदम हलकी झाली.

"रघू कोण?" मी विचारलं.

"धाकटा भाऊ माजा. या उघाडीची दारं तोच बघायचा. गेल्या साली इथंच पान्यात गेला." तो समोर बघत होता. "मी त्या दिवशी लवकर आलो नाय, मिस्त्री. म्हनून धरतो. मागं सरलो का सोडतो."

महादेवने गाडी पुढे काढली. पण ते 'मागं सरलो का सोडतो' माझ्या डोक्यात अडकून बसलं.

तलावाच्या शेडमध्ये सिमेंटची जमीन होती. चाकं जॅकवर उचलली, इंजिनाचा जोर एक्सलला पोचवणाऱ्या दोन्ही शाफ्टवर, म्हणजे लांब दांड्यांवर, खडूने खूण केली. महादेवने एका बाजूचं, मी दुसऱ्या बाजूचं चाक बरोबरीने फिरवलं. दहा फेऱ्यांना मागचा शाफ्ट साडेपंचेचाळीस वेळा फिरला. पुढचा फक्त त्रेचाळीस. परत मोजलं. त्रेचाळीसच.

अरे गाढवा! मागचा एक्सल मी उघडून दात मोजले होते. पुढचा भंगारातून अख्खाच आणला होता. त्यावर पांढऱ्या रंगाने रेशो लिहिलेला होता, भंगारवाला ओळखीचा होता. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात. मीही केलं.

चिखलात चाकं घसरतात, म्हणून फरक खपून जातो. दगडावर घसरायला जागा नाही. पुढची चाकं एक म्हणतात, मागची दुसरं. शाफ्टला पीळ बसत जातो, एक्सल कण्हतो, गाडी अडते. मागे घेतली की पीळ सुटतो.

शेठ आले. गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. महादेवची नोकरी मात्र गेली असती.

"शेठ, चूक माझी. महादेवचा काडीचा दोष नाय."

शेठनी मला लाज वाटेल असं सुनावलं. ते मला मिळायलाच हवं होतं. महादेव मात्र कामावर राहिला.

चौथ्या दिवशी पुढच्या एक्सलला पिनियन-क्राऊनची बरोबर जोडी बसवून आम्ही दोघं पुन्हा बांधावर गेलो. जीप उघाडीच्या दगडांवरून अशी गेली, जणू डांबरी रस्ताच. ना आवाज, ना हिसका. मी खुशीत महादेवच्या पाठीवर थाप मारली.

"बघ! झालं की नाय काम?"

त्याने पुढे जाऊन गाडी थांबवली. वळून उघाडीकडे बघत राहिला. मग उतरला, मागे चालत गेला, दगडांवर उभा राहिला. पाचेक मिनिटं. मी गाडीतच बसलो, माझ्याने उतरवेना. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"रोज भेटायचा ओ," एवढंच म्हणाला, आणि गिअर टाकला.

रंगाने लिहिलेल्या आकड्यावर आता मी विश्वास ठेवत नाही, एक्सल उघडून दात मोजतो. आणि गाडी दुरुस्त झाली म्हणून गिऱ्हाइकाच्या पाठीवर थाप मारायची सवयही सोडली आहे.