बुडवलेली नाव आणि गंगापूरचं पाणी

पंचवटीच्या घाटावर पाय घसरून माझं डावं मनगट मोडलं आणि वर्षभर मी नावेत पाऊल ठेवलं नाही. ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. वडिलांनी बांधलेली छोटी शिडाची नाव गंगापूर धरणाच्या काठावर उपडी पडून होती आणि आमचे हे रोज जेवताना तोच विषय काढत, "माझ्या मित्राला देऊन टाकू. तुझ्या हाताला आता झेपणार नाही." शेवटी मी ताट बाजूला सारलं. "रविवारी एकटी पलीकडच्या काठाला जाऊन येते. नाही जमलं तर द्या खुशाल!"

लाकडी नाव बाळगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. वर्षभर कोरडी पडलेली नाव एकदम पाण्यात घालायची नसते. फळ्या आकसून फटी पडतात. काठालगत तिच्यात दगड भरून ती काही दिवस बुडवून ठेवायची, म्हणजे लाकूड फुगतं आणि फटी मिटतात. आठवड्याच्या सुरुवातीला, मी शिकवायचे ती शाळा सुटल्यावर जाऊन तेच केलं. ह्यांना सांगायचं तेवढं राहून गेलं.

रविवारी गंगापूर गावापर्यंत एसटी, पुढे द्राक्षांच्या मांडवांमधून चालत. खांद्यावर शीड, पिशवीत बाजरीची भाकरी, ठेचा आणि गूळ. काठावर पोचले तर नाव पाण्याबाहेर, उन्हात! आतून बघितलं तर फटींमधून चक्क उजेड दिसत होता.

"तुमचे सायेब आल्ते परवा," राखणदार सोमाकाका म्हणाले. "नाव बुडाली बघून लय घाबरले. चार माणसं लावून वर काढली. म्हनले, रविवारी बायकोला कोरडी ठणठणीत मिळू दे."

मला इतका राग आला की रडूच कोसळायचं बाकी होतं. आणि राग तरी कोणावर काढणार? बिचाऱ्यांनी मायेनंच केलं होतं.

"आता पुढल्या रविवारी जा ताई. आज काय खरं नाय."

"पुढल्या रविवारी ती आपली नसेल, काका. तुपाचा रिकामा डबा आहे का?"

पिशवीतल्या पंच्याच्या चिंध्या करून फटींत ठासल्या, काकांच्या मदतीनं नाव पाण्यात लोटली आणि निघाले. उजव्या हातात सुकाणू, शिडाचा दोर पायाखाली दाबलेला आणि पाणी उपसायला उरला तो नेमका मोडका हात. वारा जेमतेम होता. मध्यावर पोचेपर्यंत घोटे बुडाले. मनगटातून कळ थेट कोपरापर्यंत जायची. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण थांबले असते तर नाव गेलीच होती, म्हणून डबा चालूच ठेवला.

पलीकडे पोचल्यावर पहिलं काम म्हणजे उथळ पाण्यात दगड भरून नाव पुन्हा बुडवली. कपडे धूत बसलेली एक म्हातारी हातातलं धुणं सोडून बघत राहिली.

"आगं, आत्ता तर आली! बुडिवली का? जाशील कशी माघारी?"

"हिच्यातूनच, आजी."

"येडी हाय," ती हसून म्हणाली आणि माझ्यासमोर दोन कांदे ठेवले. भाकरी खाल्ली, बाभळीच्या सावलीत पाय पसरले आणि कितीतरी महिन्यांनी निवांत झोप लागली. जाणार असाल तर दुपार अशीच घालवा. पश्चिमेचा वारा सुटल्याशिवाय परतायची घाई करू नका.

उन्हं कलल्यावर तो सुटला. आजीनं दगड काढायला हात लावला. येताना पाणी झिरपत होतं, पण डबा अधूनमधूनच लागला. शीड भरलं, नाव सरळ आमच्या काठाकडे निघाली आणि मी वर गेलेल्या वडिलांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं हसले.

घरी पोचले तर हे दारातच उभे. मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पार उतरला. "म्हणजे मी ती वाळवली?" एवढंच म्हणाले आणि माझं सुजलेलं मनगट शेकायला पाणी तापवायला गेले. मित्राचं नाव पुन्हा निघालं नाही.

मनगट अजूनही थंडीत दुखतं. पण त्या दिवसांतलं मला जास्त आठवतं ते नंतरचं. त्याच आठवड्यात हे कचेरीतून थेट धरणावर गेले आणि चिखलानं माखलेली विजार घेऊन परत आले. "बुडवून आलो तुझी नाव," ते म्हणाले. "रविवारी मलाही ने."